जुनं जपायचं काम करायचंय? नागपुरातून सुरुवात कशी करावी

विदर्भात जुन्या वस्तूंचं दुर्लक्षाने जेवढं वाटोळं होतं, त्याहून जास्त जीर्णोद्धाराच्या उत्साहाने होतं, असं माझं मत झालंय. हेमाडपंती देवळाच्या कोरीव दगडावर ऑइलपेंटचे थर चढतात. वाड्याच्या चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा बसतो. पणजोबांची पोथी फाटली की घरचाच कुणीतरी सेलोटेप घेऊन बसतो. सगळं प्रेमापोटी चाललेलं असतं, म्हणून बोलायचीही चोरी.

कला आणि वारसा संवर्धन म्हणजे वस्तू नवी करून देणं नव्हे. हात कमीत कमी लावायचा, जे लावलं ते उद्या काढता आलं पाहिजे, आणि काय केलं ते लिहून ठेवायचं. या तीन गोष्टी पटत असतील तर पुढे वाचा. बी.एस्सी. झालेले, चित्रकलेचे, आर्किटेक्चरचे, सिव्हिल डिप्लोमावाले, इतिहासात एम.ए. केलेले, सगळ्यांना या क्षेत्रात दार आहे. फक्त प्रत्येकाचं दार वेगळं आहे.

आधी माध्यम ठरवा, कॉलेज नंतर

बहुतेक जण विचारतात, ‘कोर्स कुठे आहे?’ त्याआधीचा प्रश्न असा, की तुम्हाला कशावर काम करायचंय? कागद, दगड, धातू, लाकूड, कापड की कॅनव्हास? या कामात सगळं येणारा माणूस नसतो. कागदवाल्याला तांब्याच्या मूर्तीला हात लावायला सांगितलं तर त्याने नाही म्हणावं, हेच त्याच्या चांगलेपणाचं लक्षण.

नागपूर आणि आसपास कशाचं काम आहे ते बघून निवड केली तर सोपं जाईल.

कागद आणि पोथ्या: रिद्धपूरपासून ते गावोगावच्या मठांपर्यंत महानुभावांच्या पोथ्या आहेत. त्यातल्या कित्येक सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक लिपीत. भोसल्यांच्या काळातले मोडी आणि फारसी कागद आहेत. जुन्या वाचनालयांची, शाळांची, विदर्भ संशोधन मंडळासारख्या संस्थांची कपाटं आहेत. कागदाचं काम घरच्या टेबलावर शिकायला सुरुवात करता येते, म्हणून नवख्याला मी हेच सुचवतो.

लोखंड आणि तांबं: हे नागपूरचं खास. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा इथली शिळावर्तुळं (दगड गोलात रचलेली प्राचीन दफनं) उकरली तेव्हा त्यातून लोखंडी हत्यारं आणि घोड्यांच्या अंगावरचे तांब्याचे दागिने निघाले. जमिनीत दोन-अडीच हजार वर्षं टिकलेलं लोखंड बाहेर काढल्यावर मात्र डोळ्यांदेखत पापुद्रे सोडतं. आत मुरलेले क्लोराइड क्षार दमट हवेत पुन्हा जागे होतात. ते क्षार अल्कधर्मी द्रावणात काढून टाकणं, वस्तू सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात कोरडी ठेवणं हे रसायनशास्त्रवाल्याचं काम. आपल्याकडे एम.एस्सी. केमिस्ट्रीची मुलं औषध कंपन्यांशिवाय दुसरा विचारच करत नाहीत, याचं नवल वाटतं.

इमारती: महाल भागातले वाडे आणि देवळं, सिव्हिल लाइन्समधल्या इंग्रजी अमदानीतल्या इमारती, रामटेक, नगरधनचा किल्ला, पवनी, चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट, मार्कंड्याची देवळं. आर्किटेक्ट आणि सिव्हिलवाल्यांना इथे जागा आहे.

कापड आणि वापरातल्या वस्तू: हे माध्यम आपल्याकडे सर्वात उपेक्षित. नागपूरजवळच्या चिचोलीला शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर, रोजच्या वापरातल्या वस्तू आहेत. विसाव्या शतकातल्या अशा वस्तूंत लोकर, रबर, कातडं, धातू एकत्र असतात आणि प्रत्येकाची दुखणी वेगळी. कापडाचा संवर्धक शोधायला निघालात तर किती कमी माणसं आहेत ते कळेल.

हवामान वाचायला शिका

हा भाग कुठल्याच अभ्यासक्रमात नागपूरला धरून शिकवत नाहीत. मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली येते. दोन महिन्यांत पाऊस लागला की तीच ऐंशीच्या वर. लाकूड, कागद, कॅनव्हास हे सगळे हवेतलं पाणी घेतात आणि सोडतात. दरवर्षी एवढं फुगायचं आणि आकसायचं, तर रंगाला भेगा पडणार, पोथीच्या पाटीला बाक येणार, पावसाळ्यात बुरशी धरणार.

त्यात आपला कूलर. उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर, त्याच खोलीत पुस्तकांचं कपाट, आणि हवेचा झोत थेट कपाटावर. कूलर चालू असताना दमट, बंद झाला की कोरडं. महिनाभर असं चाललं की कागदाला लाटा येतात. काही शे रुपयांत मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक घ्या, कपाटात ठेवा आणि रोज सकाळ-दुपार-रात्र आकडे वहीत लिहा. मार्च ते सप्टेंबर एवढी नोंद तुमच्याकडे असेल तर मुलाखतीत ती चार प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलेल.

शहरातच शाळा आहे

अजब बंगला, म्हणजे १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय, लहानपणी सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. आता वेगळ्या नजरेने बघा. काचेच्या पेटीत उजेड कुठून येतो? दगडी मूर्तीचा जुना जोड कशाने केलाय? शिलालेखावर पांढरी पूड का आलीय? (ते क्षार असतात. पाणी भिंतीतून वर चढतं, सुकतं आणि क्षार मागे ठेवतं.) वेळ आणि सुट्टीचा वार तपासून जा, म्हणजे खेप वाया जाणार नाही. मोतीबागेतलं नॅरोगेज रेल्वे संग्रहालय धातू आणि रंग बघायला उत्तम. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे, सामान्यांना २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतो. मनसर आणि नगरधन ही रामटेकजवळची उत्खननाची ठिकाणं एका दिवसात होतात. नगरधनच्या उत्खननात वाकाटक राणी प्रभावतीगुप्ताची मुद्रा सापडली, तेव्हा जागा बघताना मातीच्या थरांकडे, विटांच्या मापाकडे लक्ष द्या.

स्थिती-अहवाल: पहिलं खरं काम

वस्तूला हात लावायच्या आधी तिचं वर्णन करता यायला हवं. याला स्थिती-अहवाल म्हणतात. सगळा धंदा यावर उभा आहे, आणि हा सराव करायला फी लागत नाही. घरातली एखादी जुनी पोथी किंवा छापील पंचांग घ्या. मौल्यवान नको, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं चालेल.

हात धुऊन कोरडे करा. हातमोजे घालायची गरज नाही. जुना कागद उलटताना मोज्याने बोटांची जाण जाते आणि पान फाटतं. फोटो आणि धातूसाठी मात्र मोजे हवेत. टेबलावर स्वच्छ पांढरं सुती कापड पसरा. बासन, म्हणजे पोथी गुंडाळलेलं कापड, सोडताना त्यात काय पडतं ते बघा, धूळ की वाळवीची माती की कसरीची विष्ठा, आणि तेही लिहून ठेवा.

मग मोजा: लांबी, रुंदी, जाडी, पानं किती, कोणती नाहीत. पानाला समोरून उजेड पाडून एक फोटो, आणि खोली अंधारी करून बाजूने, पानाला जवळजवळ समांतर, टॉर्च धरून दुसरा. तिरप्या उजेडात घडी, लाट, उठलेला रंग, जुना डिंक सगळं उघडं पडतं. फोटोत पट्टी ठेवा आणि रंगांचे ठोकळे असलेलं कार्डही, नाहीतर पाच वर्षांनी कागद पिवळा पडला की बल्ब पिवळा होता, हे कुणालाच सांगता येणार नाही.

भाषा नेमकी ठेवा. ‘पान खराब आहे’ याला अर्थ नाही. ‘पान ७, उजवा खालचा कोपरा, ३ सें.मी. फाट, तुकडा जागेवर, कडा मऊ’ असं लिहा. शाई तपासायची ती सर्वात बारीक कोपऱ्यात, किंचित ओल्या कापसाच्या टोकाने: रंग कापसावर आला का? आपल्याकडच्या पोथ्यांत बहुधा काजळी आणि डिंकाची शाई असते. काजळी उन्हाने उडत नाही, पण डिंक पाण्याने सुटतो आणि अक्षर पसरतं. ही चाचणी न करता ओलं काम सुरू करणाऱ्याकडे आपली पोथी देऊ नका.

शेवटी दोनच ओळी: वस्तू आत्ता धोक्यात आहे का, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. कित्येकदा उत्तर असतं की डबा बदला, जागा बदला, बाकी हात लावू नका. असे दहा-बारा अहवाल वेगवेगळ्या वस्तूंचे तयार झाले की तुमच्याकडे दाखवायला काम आहे.

हाताचं काम: खळ शिजवण्यापासून

आपले जुने बायंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालायचे, कीड लागू नये म्हणून. कीड लागत नाही हे खरं, पण मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार आणि तांबं कागदातला सेल्युलोज झपाट्याने खातं. संवर्धनाच्या खळीत तो चालत नाही. मैदाही नाही, कारण त्यात ग्लुटेन असतं. गव्हाचा शुद्ध स्टार्च घ्यायचा, चौपट-पाचपट पाण्यात काही तास भिजत ठेवायचा, मग मंद आचेवर अर्धा-पाऊण तास न थांबता हलवायचा. पांढरट दुधाळ रंग जाऊन खळ काचेसारखी होते आणि चमच्याला जड लागते. थंड झाली की बारीक चाळणीतून दोन-तीनदा दाबून काढा, लागेल तशी पाण्याने पातळ करा. तीन-चार दिवसांत आंबते, म्हणून थोडीच करा.

फाटीला लावायला जपानी टिश्यू घेतात, कोझो नावाच्या झाडाच्या लांब धाग्यांचा. तो कात्रीने कापत नाहीत. पाण्यात बुडवलेल्या ब्रशने रेघ ओढायची आणि हलक्या हाताने ओढून फाडायचा. कडेला धाग्यांची केसाळ झालर राहते, ती मूळ कागदात मिसळते आणि जोडाच्या कडेला ताण येत नाही. पट्टीला पातळ खळ, फाटीवर ठेवायची, वरून न विणलेलं पॉलिएस्टर कापड, टीपकागद आणि वजन. सुकलं की पान वाकवून बघा. जोड पानाबरोबर वाकला पाहिजे. कडक राहिला तर खळ घट्ट झाली होती. रद्दीच्या कागदावर हे हाताला बसेपर्यंत करा, दुसऱ्याच्या पोथीवर नको.

जुन्या दप्तरांत लॅमिनेट केलेले कागद भेटतील. एके काळी ती शिष्टसंमत पद्धत होती. प्लास्टिक पिवळं पडलंय म्हणून ओढून काढायला जाऊ नका, ते अनुभवी माणसाचं काम आहे.

इमारतीकडे जाणाऱ्यांनी हीच मेहनत चुन्यावर करावी. कळीचा चुना विझवणं, तो मुरू देणं, चुन्याच्या घाणीत (दगडी चाकाखाली) मळणं, सुरखी (विटांची पूड) आणि वाळूचं प्रमाण, बेलफळाचा किंवा गुळाचा अंश का घालतात हे जुन्या गवंड्याकडून शिका. चुन्याची भिंत श्वास घेते म्हणतात, म्हणजे आतली ओल बाहेर जाऊ देते. वर सिमेंट थापलं की ओल आत अडकते, क्षार साठतात आणि शेवटी सिमेंटचा पापुद्रा मूळ वीट घेऊनच निघतो. चुना जाणणारे गवंडी म्हातारे झालेत. त्यांचं काम व्हिडिओत धरून ठेवलंत तरी ते मोठं काम आहे.

शिक्षण: कुठे काय

पदव्युत्तर शिक्षणासाठी बहुतेकांना नागपूर सोडावं लागतं. इथल्या शासकीय चित्रकला महाविद्यालयातून, विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागातून, व्हीएनआयटीच्या आर्किटेक्चर विभागातून पाया घ्यायचा आणि पुढे जायचं.

वस्तूंच्या संवर्धनासाठी नोएडाची भारतीय वारसा संस्था, जिला लोक अजूनही नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट म्हणतात. तिथे संवर्धनात एम.ए. होतं. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा, १९७६ सालची, सहा महिन्यांचं प्रशिक्षण देत आली आहे. विज्ञान झालेल्याला त्यासारखी सुरुवात नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात सुसज्ज संवर्धन केंद्र आहे आणि संग्रहालयशास्त्र व संवर्धनाचा पदविका अभ्यासक्रमही. मराठी माणसाला तिथे जमवून घेणं सोपं जातं, हाही मुद्दा आहेच. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा संग्रहालयशास्त्र विभाग १९५२ पासूनचा.

कागदवाल्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्कूल ऑफ आर्कायव्हल स्टडीजचे छोटे अभ्यासक्रम बघावेत: ग्रंथ, हस्तलिखितं आणि कागदपत्रांची निगा, तसंच कागद दुरुस्ती. काही आठवड्यांत होतात आणि हात चांगला तयार होतो. पुण्यात भांडारकर संस्थेचा हस्तलिखित विभाग बघून या. मोडी येत नसेल तर राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडी वर्ग वेळोवेळी निघतात, ते सोडू नका. पान उलटं लागलंय की सुलटं, हेच कळत नसेल तर दुरुस्ती कसली करणार?

आर्किटेक्टसाठी दिल्ली आणि भोपाळचं स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचं सेप्ट, आणि मुलींसाठी पुण्याचं भानुबेन नानावटी महाविद्यालय. भोपाळ नागपूरहून रात्रीच्या गाडीने गाठता येतं, तेव्हा आधी जाऊन शिकणाऱ्यांशी बोलून या. पात्रता आणि प्रवेश परीक्षा दरवर्षी बदलतात, ताजी सूचना वाचूनच अर्ज करा.

नोकरी कुठे मिळते

खरं सांगायचं तर पदं कमी आहेत आणि जाहिराती अनियमित. नुसती वाट बघून वय निघून जातं. तरी दारं माहीत हवीत.

भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं नागपूर मंडळ विदर्भातली केंद्र-संरक्षित स्मारकं बघतं. शिवाय उत्खनन शाखा आणि प्रागैतिहास शाखाही नागपुरातच आहे. तीन कार्यालयं एका शहरात असणं ही चैन फार थोड्या शहरांना आहे. सर्वेक्षणात रसायनशास्त्रज्ञाच्या पदांना एम.एस्सी. केमिस्ट्री, संवर्धन सहायकाला सिव्हिल किंवा आर्किटेक्चरचं शिक्षण असा साधारण रिवाज आहे. भरती कर्मचारी निवड आयोग आणि यूपीएससीतर्फे. राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय राज्य-संरक्षित स्मारकं आणि संग्रहालयं सांभाळतं. तिथली तांत्रिक पदं एमपीएससीच्या जाहिरातींत शोधा, पदनाम ‘अभिरक्षक’ किंवा ‘सहायक संचालक’ असतं. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेल्या मुलांना ही पदं ठाऊकच नसतात.

इंटॅक ही वारसा जतनासाठी काम करणारी १९८४ पासूनची संस्था नोकरीपेक्षा ओळखीसाठी महत्त्वाची. तिचा नागपूर विभाग आहे, वारसा फेरीला जा, दस्तऐवजीकरणात हात द्या. लखनौ, दिल्ली, भुवनेश्वर, बंगळुरूला तिच्या संवर्धन प्रयोगशाळा आहेत, तिथे उमेदवारी करता येते. हस्तलिखितांसाठी केंद्राने २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ मोहीम जाहीर केली, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन हे तिचं उद्दिष्ट. अशा मोहिमांत कंत्राटी माणसं लागतात, आणि आधीपासून स्थिती-अहवाल लिहिता येणारा पुढे जातो.

स्वतःचं काम

माझ्या मते नागपुरात टिकायचं तर नोकरी आणि खाजगी काम यांची सांगड घालावी लागते. मठ, ट्रस्ट, जुनी घराणी, शाळांचे शतकमहोत्सव, वकिलांची जुनी कार्यालयं हे आपले गिऱ्हाईक. मनपाच्या वारसा यादीतल्या इमारतीत बदल करायचा तर प्रस्ताव वारसा संवर्धन समितीपुढे जातो. मालकांना त्यासाठी नकाशे, फोटो, अहवाल लागतात. तरुण आर्किटेक्टचा पहिला पैसा बहुधा इथूनच येतो. केंद्र-संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते, हा २०१०चा नियम पाठ असू द्या.

भाव सांगताना पानावर सांगू नका. आधी तपासणीची वेगळी फी घ्या, अहवाल द्या, मग कामाचा भाव. ‘थोडंसं चिकटवून द्या’ म्हणणाऱ्याला अहवाल दाखवला की निम्मे लोक समजतात, उरलेले दुसरीकडे जातात. जाऊ द्यावेत. लेखी मान्यता, आधी-नंतरचे फोटो, वापरलेल्या प्रत्येक साहित्याची यादी, आणि वस्तू तुमच्याकडे असताना जबाबदारी कुणाची, हे कागदावर आलं पाहिजे.

पुराचं कामही येतं. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, नाग नदी घरात शिरली आणि अंबाझरीच्या बाजूला कित्येकांच्या फायली, पुस्तकं, लग्नाचे अल्बम भिजले. लोकांनी ती उन्हात वाळत घातली. ओल्या कागदाला साधारण ४८ तासांत बुरशी धरते. सगळं एकदम सुकवणं शक्य नसेल तर भिजलेलं पुस्तक न उघडता, प्लास्टिक पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं. बुरशी थांबते आणि मग सवडीने एकेक काढता येतं. चकचकीत कागदाची पानं एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत, त्यामुळे तीच आधी. आपल्या वस्तीत पावसाळ्याआधी अशी एक कार्यशाळा घ्या. त्यातून कामं येतात.

एक सक्त सूचना. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणी, शिल्प, किंवा पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित यांना १९७२चा पुरावशेष कायदा लागतो. काही प्रकारांची नोंदणी सक्तीची आहे, विक्रीला परवाना लागतो, देशाबाहेर नेता येत नाही. ‘शेतात सापडली, जरा साफ करून द्या’ असं म्हणत कुणी मूर्ती घेऊन आला तर हात लावू नका, पुरातत्त्व कार्यालयाला कळवा.

फुकट वाचन आणि पैशांची सोय

इंग्रजी वाचता येत असेल तर कॅनेडियन कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटच्या छोट्या टिपणांपासून सुरुवात करा, एकेका वस्तूवर दोन-चार पानं, सगळी मोफत. अमेरिकेतल्या गेटी संस्थेची कित्येक जाडजूड पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. रोमची ‘इक्रोम’ ही वारसा संवर्धनाची आंतरराष्ट्रीय संस्था जगभरच्या कार्यरत संवर्धकांसाठी अभ्यासक्रम घेते. त्यासाठी आधी काही वर्षं काम असावं लागतं. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा उमेदवारी करायला चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट मदत करतो, वारसा संवर्धन हा त्यांच्या आवडीचा विषय आहे. अर्जासोबत कामाचे नमुने मागतात, आणि तिथे ते दहा-बारा अहवाल उपयोगी येतात. एक इंग्रजीत करून ठेवा, पण मूळ मराठीत लिहा. मठाच्या विश्वस्तांना वाचून दाखवायचा तो तुमचा मराठी अहवालच असतो.